काजू कारखान्यात नव्याने रुजू होताना : उत्पादन व्यवस्थापनाच्या पायऱ्या

मुंबईची नोकरी सोडून गावी येणारे आणि काजू प्रक्रिया केंद्र सुरू करणारे किंवा एखाद्या चालू कारखान्यात सुपरवायझर म्हणून रुजू होणारे तरुण पहिल्याच आठवड्यात बहुधा एकच प्रश्न विचारतात, की कोणते यंत्र घ्यावे. प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. आपल्या कारखान्यातून माल कसा सरकतो, कुठे थांबतो आणि का थांबतो, हे समजल्याशिवाय घेतलेले यंत्र बऱ्याचदा नेमक्या चुकीच्या जागी बसते आणि मग बँकेचा हप्ता तेवढा नियमित चालू राहतो. उत्पादन व्यवस्थापन या विषयातल्या बहुतेक संकल्पना या तीन साध्या प्रश्नांमधूनच निघालेल्या आहेत. त्या इथे एकामागून एक, काम करता करता शिकता येतील अशा क्रमाने मांडल्या आहेत.

उदाहरण म्हणून सिंधुदुर्गातील एक छोटे केंद्र धरले आहे, जिथे कटिंग आणि पिलिंग मिळून वीस जण काम करतात. क्षमतेचे आणि पैशांचे आकडे हिशेब समजावा एवढ्यासाठी घेतले आहेत; तुमचे आकडे तुम्हालाच तराजू आणि घड्याळ घेऊन काढावे लागतील. आमसूल, आंब्याचा पल्प किंवा सुकी मासळी यांच्या धंद्यालाही पायऱ्या याच लागू पडतात, फक्त माल नासण्याचा वेग बदलतो.

पहिली पायरी : बीपासून डब्यापर्यंत चालत जा

रुजू झाल्यावर पहिले दोन दिवस कोणताही बदल सुचवू नका. एक वही घ्या आणि गोदामातल्या पोत्यापासून पॅकिंगच्या टेबलापर्यंत मालाच्या मागोमाग चालत जा. वाळवलेली बी आकारानुसार चाळली जाते, कुकरमध्ये वाफवली जाते, पसरून थंड केली जाते, कटिंगच्या यंत्रावर फोडली जाते, टरफलातून गर वेगळा होतो, तो ड्रायरमध्ये वाळतो, पिलिंगच्या टेबलावर त्याची साल निघते, मग ग्रेडिंग आणि शेवटी पॅकिंग. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहाव्यात : समोर किती किलो माल पडून आहे, एका माणसाच्या हातून तासाला किती किलो पुढे जातो, आणि आत्ता हाताळला जात असलेला माल या टेबलासमोर केव्हापासून पडून होता.

तिसरा आकडा कोणीच लिहून ठेवत नाही आणि सर्वांत जास्त तोच शिकवतो. एखाद्या पोत्याला कारखान्यातून बाहेर पडायला सहा दिवस लागत असतील, तर त्यातला प्रत्यक्ष कामाचा वेळ जेमतेम एक दिवसाचा निघतो आणि उरलेले दिवस माल नुसता कुठल्यातरी टेबलासमोर बसलेला असतो. मात्र इथे एक भेद नीट करावा. वाफवलेली बी थंड होण्यासाठी रात्रभर ठेवणे ही प्रक्रियेचीच गरज आहे, कारण घाईने फोडलेल्या गरम बीचा गर तुटतो. तो वेळ वाचवायला जाऊ नये. उलट, वाळलेला गर पिलिंगची वाट पाहत तीन दिवस पडून राहिला, तर त्यातून कुणाचाही फायदा होत नाही.

टोयोटाचे अभियंते ताईची ओनो यांनी कारखान्यातल्या अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, जादा साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. यांपैकी गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा त्यांनी सर्वांत वाईट मानला, कारण बाकीचे बरेचसे अपव्यय त्याच्या पोटातून जन्म घेतात. मोटारींसाठी सांगितलेली ही गोष्ट काजूला कशी लागू पडते, हे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर दिसेल.

दुसरी पायरी : उतारा मोजा आणि वजनाचा ताळा जुळवा

उत्पादकता म्हणजे घातलेल्या साधनांच्या मानाने हाती आलेले उत्पादन. काजूच्या धंद्यात कच्चा माल हाच सर्वांत मोठा खर्च असल्याने पहिली उत्पादकता बीची मोजावी लागते, आणि तिला आपल्याकडे उतारा म्हणतात.

खरेदीच्या वेळी उतारा ओळखण्यासाठी कट टेस्ट करतात. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून, थोडी थोडी बी काढून एक किलोचा नमुना करावा. त्यातल्या बिया मोजाव्यात, म्हणजे किलोला किती बी बसते ते कळते. मग प्रत्येक बी मधोमध कापून गर काढावा आणि चांगला गर, डागी गर व टाकाऊ गर असे तीन ढीग करावेत. चांगल्या गराचे पूर्ण वजन आणि डागी गराचे निम्मे वजन यांची बेरीज म्हणजे त्या नमुन्याचा उपयोगी गर. आंतरराष्ट्रीय व्यापारात हा उतारा ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर, असा सांगतात. त्यासाठी ग्रॅममधल्या बेरजेला ०.१७६ ने गुणावे. २७२ ग्रॅम उपयोगी गर निघाला, तर उतारा ४८ पौंडांच्या आसपास येतो. आपल्या आठवडी बाजारात पौंडात कोणी बोलत नाही, पण बाहेरची बी घेण्याची वेळ आली की दलाल याच आकड्यावर भाव सांगतो, म्हणून तो यावा.

कट टेस्टचा गर सालीसकट आणि ओलसर असतो, त्यामुळे डब्यात जाणारा माल त्याहून कमी भरतो. म्हणूनच प्रत्येक लॉटचा वेगळा हिशेब ठेवावा. समजा, ३२० किलो बी कटिंगला गेली, ड्रायरमधून सालीसकट साधारण ९० किलो गर निघाला आणि पिलिंगनंतर ८२ किलो पॅक झाला, तर खरा उतारा २५.६ टक्के झाला. उरलेले वजनही जागेवर सापडले पाहिजे : टरफल तेल काढणाऱ्यांना विकले गेले त्याची पावती, सालीची पोती, टाकाऊ गर, आणि ड्रायरमध्ये उडालेला ओलावा. ताळा जुळत नसेल, तर एक तर तराजू चुकतो आहे किंवा माल कुठेतरी गळतो आहे, आणि या दोन्ही गोष्टी शोधायला चोर पकडण्याचा आवेश लागत नाही, सलग दोन आठवड्यांची नोंद पुरते.

तिसरी पायरी : अडसर शोधा

हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जुळणी-रेषा सुरू झाली, तेव्हा एका चासीच्या, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याच्या, जुळणीला लागणारा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून दीड तासाच्या जवळपास आला. माणसे अचानक आठपट चपळ झाली नव्हती. काम लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकडा साधारण सारख्याच वेळाचा केला गेला आणि माल माणसाकडे चालत येऊ लागला. यालाच रेषेचा समतोल म्हणतात. जिथे तो नसतो तिथे एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा सावकाश चालते, आणि संपूर्ण कारखाना, मालकाची कितीही घाई असली तरी, तिच्याच चालीने चालतो. ही पायरी म्हणजे अडसर, किंवा सगळे म्हणतात तसे बॉटलनेक.

आपल्या केंद्राचे आकडे मांडून पाहू. कुकर दिवसाला ५०० किलो बी वाफवू शकतो. कटिंगवर दहा जण आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला ४० किलो बी फोडतो, म्हणजे ४०० किलो. या बीचा ड्रायरनंतर २८ टक्के गर मिळतो असे धरले, तर पिलिंगकडे रोज ११२ किलो गर येतो. ड्रायर दोन घाण्यांत १२० किलो गर वाळवतो, म्हणजे तिथे अडचण नाही. पिलिंगवर दहा बायका आहेत आणि प्रत्येकीच्या हातून दिवसाला ८ किलो गर सोलला जातो, म्हणजे ८० किलो. कुकरवाला, कटिंगवाले आणि ड्रायरवाला यांनी आपापले काम चोख केले, तरी दिवसाला ८० किलोंपेक्षा जास्त गर डब्यात जाणार नाही आणि रोज ३२ किलो गर पिलिंगसमोर साचत जाईल.

नवा सुपरवायझर इथे हमखास एक चूक करतो. कटिंगवाले रिकामे बसू नयेत म्हणून तो त्यांना कामाला लावतच राहतो, कारण रिकामा हात त्याच्या डोळ्यांना खुपतो. पण यंत्र किंवा माणूस सतत चालू असणे म्हणजे वापर. त्यातून विकता येण्याजोगा माल वाढणे म्हणजे उत्पादकता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कटिंगमधल्या दोघांना पिलिंगचे काम शिकवून तिकडे हलवले, तर कटिंगवर आठ जण राहतात, रोज ३२० किलो बी फुटते आणि ८९.६ किलो गर निघतो. पिलिंगवर बारा जण होतात आणि त्यांची क्षमता ९६ किलो होते. बी कमी फोडूनही सोललेल्या गराचे रोजचे प्रमाण ८० वरून जवळजवळ ९० किलोंवर गेले, आणि त्यासाठी एक रुपयाचेही यंत्र घ्यावे लागले नाही.

आता अडसर पिलिंगवरून सरकून कटिंगवर आला आहे, हेही ध्यानात घ्यावे. अडसर कधी संपत नाही, तो जागा बदलतो, म्हणून ही मोजणी दर महिन्याला पुन्हा करावी लागते. पिलिंगला उरलेली सहा किलोंची सैल जागा मात्र मुद्दाम तशीच ठेवावी. एखादी बाई आजारी पडली तरी त्या दिवशी कामाचा खोळंबा जवळपास होत नाही.

चौथी पायरी : दोन टेबलांमधल्या साठ्याला वेसण घाला

दोन टप्प्यांच्या मध्ये पडून असलेल्या अर्धवट मालाला चालू कामाचा साठा म्हणतात. त्याच्याविषयीचा एक नियम इतका सोपा आहे, की तो शाळेतच शिकवायला हवा होता. साठा म्हणजे दररोज पुढे जाणारा माल गुणिले माल थांबण्याचे दिवस. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची गणिती सिद्धता दिली आणि तेव्हापासून तो लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो. उलट बाजूने वापरला तर तो फार कामाला येतो : पिलिंगसमोर २४० किलो गर साचला आहे आणि पिलिंग दिवसाला ८० किलो होते, तर आज ड्रायरमधून निघालेला गर तीन दिवसांनी सोलला जाणार. कोणाला विचारायची गरज नाही. ढिगाकडे पाहिले की तारीख कळते.

हे तीन दिवस काजूला महाग का पडतात, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात कामाला लागलो तेव्हा पहिल्या जुलैत मी रोज कटिंगचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे आणि तो वाढताना पाहून खूष होत असे. पिलिंगच्या टेबलाजवळ ट्रे एकावर एक चढत होते. चौथ्या दिवशी तिथली सर्वांत जुनी बाई, जिला सगळे काकी म्हणत, तिने एक गर बोटांत धरून चोळून दाखवला. साल नुसती चुरगळली, सुटली नाही. ती म्हणाली, "झिला, गराक वारो लागलो. आता साल सुटाची नाय." ड्रायरमधून निघालेला गर कोरडा असतो आणि साल त्याच्यापासून सुटी झालेली असते, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत तो ओलावा ओढून घेतो आणि साल पुन्हा घट्ट बसते. तो सगळा माल परत ड्रायरमध्ये घालावा लागला. दुसऱ्यांदा वाळवलेला गर ठिसूळ झाला, काही पिवळट पडला, आणि जो गर अख्खा म्हणून विकला गेला असता त्यातला बराचसा पाकळी, म्हणजे उभा दुभंगलेला गर, आणि तुकड्यात गेला. माझा वाढता आकडा हेच त्या नुकसानीचे मूळ होते.

यावरचा उपाय टोयोटातल्या कानबान पद्धतीतून घेता येतो. पुढच्या टप्प्याने कार्ड पाठवून मागितल्याशिवाय मागच्याने माल करायचा नाही, ही ती पद्धत; आपल्याला त्यासाठी ना संगणक लागतो ना कार्डे. ड्रायर आणि पिलिंग यांच्यामध्ये फक्त १८ ट्रे ठेवावेत, प्रत्येकात ५ किलो गर, म्हणजे एकूण ९० किलो, साधारण एका दिवसाचे काम. पिलिंगकडून रिकामा ट्रे परत आला, की तीच पुढच्या मालाची मागणी. ट्रे रिकामा नसेल तर ड्रायरमधून गर काढायचा नाही, ड्रायर भरलेला असेल तर कटिंग थांबवायचे, आणि कटिंगवाल्यांनी उठून पिलिंगला हात लावायचा. पहिल्या आठवड्यात यावरून कुरबुर होतेच, विशेषतः कटिंगची मजुरी किलोवर असेल तर. म्हणून पिलिंगला बसलेल्या वेळेची मजुरी आधी ठरवून, सर्वांना सांगून मगच ही पद्धत सुरू करावी. मजुरीचा दर एका दिशेला आणि कामाची पद्धत दुसऱ्या दिशेला ओढत असेल, तर दर जिंकतो.

पाचवी पायरी : हंगामाचा साठा आणि बाकीची खरेदी

बहुतेक कारखान्यांना कच्चा माल वर्षभर मिळतो. आपल्याला काजू बी मार्च ते मे या काळात मिळते आणि वर्षभर पुरवावी लागते. दिवसाला ३२० किलो आणि वर्षाला २५० कामाचे दिवस धरले, तर ८०,००० किलो बी लागते, म्हणजे ८० किलोंची एक हजार पोती. हिशेबासाठी किलोला १५० रुपये धरले, तर एक कोटी वीस लाख रुपये मेअखेरीस गोदामात पोत्यांच्या रूपाने उभे राहतात. साठा वर्षभरात सारख्या वेगाने उतरतो असे मानले, तर सरासरी साठ लाख रुपये अडकून राहतात आणि दहा टक्के व्याजाने त्याचे वर्षाला सहा लाख होतात. साठा धरून ठेवण्याचा खर्च म्हणतात तो हाच, आणि नवख्या उद्योजकाच्या प्रकल्प अहवालात तो बऱ्याचदा लिहायचा राहून गेलेला असतो.

सगळी बी हंगामात घ्यायची की काही भाग नंतर बाहेरून आलेल्या बीवर भागवायचा, हा निर्णय व्याज, भावातली चढउतार आणि दर्जा या तिन्हींच्या हिशेबाने घ्यावा. माझे मत विचाराल, तर पहिल्या वर्षी क्षमतेच्या निम्मीच बी घ्यावी. गोदाम सांभाळणे ही स्वतंत्र कला आहे, आणि ती शिकण्याची फी निम्म्या साठ्यावर भरलेली बरी. बी कानाजवळ हलवल्यावर आत गर खुळखुळला पाहिजे, तोपर्यंत उन्हात वाळवावी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत. आणि आधी आलेले आधी बाहेर जाईल, अशी रांग ठेवावी. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या पट्टीत मागच्या रांगेतले पोते सप्टेंबरपर्यंत विसरले गेले, तर त्यात काय सापडेल याचा अंदाज बांधायला नको.

डबे, पिशव्या, खोकी यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती वर्षभर मिळतात. एकदम जास्त मागवली तर पैसा आणि जागा अडकते, थोडी थोडी मागवली तर दर खेपेचे टेम्पोभाडे चढते. या दोन खर्चांचा मध्य काढणारे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले आणि ते ईओक्यू (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे एका खेपेला किती मागवणे किफायतशीर) या नावाने प्रसिद्ध आहे. वार्षिक गरजेच्या दुपटीला एका खेपेच्या खर्चाने गुणावे, एक नग वर्षभर सांभाळण्याच्या खर्चाने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. आपल्याला वर्षाला १० किलोचे २,००० डबे लागतात, एका खेपेला १,५०० रुपये खर्च येतो आणि एक डबा वर्षभर ठेवायला १५ रुपये पडतात असे धरले, तर उत्तर सुमारे ६३० डबे येते, म्हणजे वर्षातून साधारण तीन खेपा. सूत्राला आपला पावसाळा माहीत नाही, हे मात्र विसरू नये. डबे गंजतात, म्हणून जूनची खेप लहान आणि ऑगस्टची मोठी ठेवणे शहाणपणाचे.

सहावी पायरी : दर्जा आकड्यांनी राखा

काजूगराची प्रतवारी एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात यावर ठरते. डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. गर तुटला, की तो या यादीतून बाहेर पडून पाकळी, तुकडा किंवा कणी होतो आणि त्याचा भाव उतरतो. म्हणून आपल्या केंद्रात दर्जा या शब्दाचा पहिला अर्थ तुटीचे प्रमाण असा घ्यावा, आणि दुसरा अर्थ ओलावा, जो पॅकिंगच्या वेळी पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

तुटीची नोंद ठेवताना कुठे तुटले ते लिहावे. कटिंगनंतर, ड्रायरनंतर आणि पिलिंगनंतर असे तीन वेळा नमुने घेतले, की दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होते, आणि अनेकदा निम्म्याहून जास्त तूट एकाच ठिकाणी होत असल्याचे दिसते. थोड्या कारणांतून बहुतेक परिणाम घडतात, या निरीक्षणाला पॅरेटो तत्त्व म्हणतात. कटिंगमधल्या तुटीची नेहमीची कारणे तीन-चारच असतात : वाफ कमी किंवा जास्त झाली, बी पुरती थंड झाली नाही, पाते बोथट झाले किंवा त्यातले अंतर बिघडले, आणि मोठी-लहान बी एकत्र आली. शेवटचे कारण आपल्याकडे विशेष आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांपैकी वेंगुर्ला-४ ची बी सुमारे ७.७ ग्रॅमची असते आणि वेंगुर्ला-७ ची सुमारे १० ग्रॅमची, त्यात गावठी झाडांची बारीक बी मिसळलेली. एका आकारासाठी लावलेले पाते दुसऱ्या आकाराचा गर कापतेच. म्हणून चाळणी हा वेळकाढूपणा समजू नये.

आता रोजच्या चढउताराकडे कसे पाहावे ते समजून घेतले पाहिजे. रोज कटिंगनंतर २०० गरांचा नमुना घ्यावा आणि तुटलेले मोजावेत. महिन्याची सरासरी २४ निघाली, तर काहीही बिघडलेले नसतानासुद्धा एखाद्या दिवशी १५ आणि एखाद्या दिवशी ३२ येऊ शकतात. हा निव्वळ योगायोगाचा खेळ असतो. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख या खेळाची हद्द आखून देतो. आपल्या उदाहरणात ती हद्द साधारण १० ते ३८ येते. ३० तुटले म्हणून कोणाला बोलू नये, कारण सुधारायला तिथे वेगळे असे काही नसते आणि बोलणी खाणाऱ्याचा हात उगाच थरथरतो. ४२ तुटले, तर मात्र त्याच तासाला काम थांबवून पाते आणि वाफेची नोंद तपासावी. एखाद्या दिवशी ८ च तुटले, तर तेही तपासावे. त्या दिवशी काय वेगळे झाले, ते कळले तर सोन्याहून पिवळे.

सातवी पायरी : कोकणचे कॅलेंडर समोर ठेवून क्षमता ठरवा

क्षमतेचे नियोजन पुस्तकात महिन्यांच्या समान चौकटींत केलेले असते. आपल्याकडे तसे करून चालत नाही. शिमग्याला गाव रिकामे होऊन देवळाकडे जाते, आणि नेमका तेव्हाच बीच्या खरेदीचा हंगाम सुरू होतो. जूनच्या मध्यापासून लावणी, मग गणपतीत आठ-दहा दिवस कोणीही येणार नाही, ऑक्टोबरात भातकापणी. पिलिंगच्या निम्म्या बायका लावणीच्या दिवसांत शेतावर असतात आणि त्यांनी तिथेच असायला हवे. त्यांना हजेरीचा धाक दाखवणारा कारखाना दिवाळीपर्यंत माणसे गमावून बसतो.

दुसऱ्या बाजूला काजूची मागणी गणपती आणि दिवाळीच्या आधी चढते. म्हणजे जेव्हा माल जास्त हवा, तेव्हाच हात कमी असतात. इथे दोन मार्ग असतात. मागणीच्या मागे धावून त्या महिन्यात माणसे वाढवायची, किंवा वर्षभर सारख्या वेगाने काम करून तयार मालाचा साठा आधीच उभारायचा. कोकणात पहिला मार्ग कागदावरच राहतो, कारण लावणीच्या दिवसांत जादा माणसे आणणार कुठून? म्हणून एप्रिल आणि मे या कोरड्या, भरल्या हातांच्या महिन्यांत जास्तीचा गर तयार करून हवाबंद डब्यांत ठेवावा, जुलैचे उद्दिष्ट आधीच साठ टक्क्यांवर आणावे, आणि यंत्रांची मोठी दुरुस्ती गणपतीच्या सुट्टीत करून घ्यावी. मागणीचा अंदाज बांधण्यासाठी मागच्या दोन-तीन वर्षांची महिनावार विक्री पुरेशी असते. सण तिथीने येतात आणि इंग्रजी तारखा सरकतात, त्यामुळे आकडे महिन्यापेक्षा सणाच्या आधीच्या आठवड्यांना जोडून ठेवावेत.

आठवी पायरी : मांडणी, सुरक्षितता आणि फळा

मांडणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. माल एका दिशेने सरकावा, कच्ची बी आणि सोललेला गर यांच्या वाटा एकमेकींना छेदू नयेत, आणि कटिंगची खोली पिलिंगपासून वेगळी असावी. टरफलातले तेल कातडी भाजते आणि गराला लागले तर माल नासवते, म्हणून कटिंगला हातमोजे किंवा हाताला तेल लावण्याची सोय सक्तीची ठेवावी आणि त्या खोलीतले हात धुतल्याशिवाय पिलिंगच्या टेबलाला लागू नयेत. जपानी ५एस पद्धत म्हणजे नको ते बाजूला काढणे, हवे ते जागेवर ठेवणे, स्वच्छता राखणे, त्याची पद्धत ठरवून देणे आणि ती पाळत राहणे. तिचे तक्ते भिंतीवर लावण्याआधी पात्यांची पेटी, पाने (स्पॅनर) आणि तराजू यांची जागा तेवढी ठरवून टाका. रोज त्यांच्या शोधात जाणारा वेळ मोजलात, तर पुढचे आपोआप पटते.

शेवटी फळा. त्यावर रोज पाचच आकडे असावेत : कटिंगला गेलेली बी, पिलिंग झालेला गर, दिवसअखेरीस भरलेल्या ट्रेंची संख्या, २०० च्या नमुन्यात तुटलेले गर, आणि पॅक झालेला माल. फळा कार्यालयात टांगू नये. पिलिंगच्या टेबलांसमोर लावावा आणि आकडे तिथल्याच कोणीतरी लिहावेत. मी हे काम काकींकडे सोपवले, तेव्हा त्या आकड्यांच्या खाली आपल्या मनाने एक सहावी ओळ लिहू लागल्या. त्यात कधी "दुपारी वीज नाही, ड्रायर दोन तास बंद" असे असे, तर कधी "नवी बी बारीक, पाते बदला". महिनाअखेरीस तूट का वाढली हे शोधायला बसलो, की मी आधी ती ओळ वाचतो आणि मग आकडे.